लिथियम घटमालांचे संरक्षण

लिथियम-आयन प्रकारचे, पुन:पुन्हा भारित करता येणारे विद्युत् घट सुटे विकत घेऊन किंवा जुन्या उपकरणांतून काढून ते धातूच्या पट्ट्यांनी जोडले आणि घरी अथवा लहान दुरुस्ती-दुकानात त्यांची बॅटरी तयार केली, तर तिला घरगुती बांधणीची लिथियम घटमाला म्हणता येईल. अशा घटमालेचे अतिभारण (मर्यादेपेक्षा जास्त वीज भरणे), अतिविसर्जन (मर्यादेपलीकडे वीज काढून घेणे), शॉर्ट सर्किट, जास्त तापमान आणि यांत्रिक इजा यांपासून रक्षण करण्याच्या उपायांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. या उपायांपैकी कोणताही एक उपाय स्वत:पुरता पुरेसा नसतो. प्रत्येक उपाय विशिष्ट दोषाविरुद्धच उपयोगी पडतो, म्हणून ते एकामागे एक असे योजावे लागतात. बाजारात मिळणारा संरक्षक पट्ट बसविला म्हणजे घटमाला सुरक्षित झाली, हा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे.

मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा (१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला) हा सोयाबीन, कापूस, तूर व हळद या पिकांचा प्रदेश आहे. अशा भागात पाठीवरचा फवारणी पंप, रानडुकरे व रोही यांना शेताबाहेर ठेवणारे झटका यंत्र आणि सौर दिवा ही साधने १२ व्होल्ट विद्युत् दाबाच्या बॅटरीवर चालतात. मुळात त्यांत शिसे-अम्ल घटमाला असते. ८ अँपिअर-तास क्षमतेच्या अशा घटमालेचे वजन दोन ते अडीच किग्रॅ. भरते. तेवढीच ऊर्जा देणारे लिथियम घट अर्ध्या किग्रॅ.च्या आसपास असतात. औषधाने भरलेली टाकी पाठीवर घेऊन दिवसभर फिरणाऱ्याला हा फरक जाणवतो. म्हणून शिसे-अम्ल घटमाला निकामी झाली की तिच्या जागी लिथियम घट जोडून घेण्याची पद्धत रूढ होत आहे. या घटमाला बहुधा राहत्या घरातच आणि रात्री भारणास लावल्या जातात. त्यामुळे त्यांच्या संरक्षणाचा प्रश्न हा उपकरणाइतकाच घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

इतिहास : लिथियम हा सर्वांत हलका धातू असून त्याची इलेक्ट्रॉन गमावण्याची प्रवृत्ती तीव्र आहे. त्यामुळे कमी वजनात जास्त ऊर्जा साठविण्यास तो सोयीचा ठरतो (→ लिथियम). एम. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात धातुरूप लिथियम वापरून पुनर्भारणक्षम घट तयार केला. परंतु वारंवार भारण केल्यावर धातूच्या पृष्ठभागावर सुईसारखे स्फटिक वाढून ते दुसऱ्या विद्युत् अग्रापर्यंत पोहोचत व घटात आतल्या आत शॉर्ट सर्किट होई. १९८९ मध्ये धातुरूप लिथियमच्या घटांमुळे जपानमध्ये भ्रमणध्वनींना आगी लागल्या व ते घट बाजारातून परत घ्यावे लागले. जॉन बी. गुडइनफ यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे धन अग्राचे द्रव्य सुचविले. आकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण अग्रासाठी धातूऐवजी कार्बनी द्रव्य वापरून धातुरूप लिथियमची गरजच काढून टाकली. या रचनेवर आधारलेला घट सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये विक्रीस आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९९७ मध्ये गुडइनफ व अक्षय पाढी यांच्या गटाने लिथियम लोह फॉस्फेट हे अधिक स्थिर द्रव्य प्रसिद्ध केले. सारांश, सुरक्षिततेचा प्रश्न या घटाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे व घटाच्या रचनेतील मोठ्या सुधारणा त्या प्रश्नातूनच झाल्या आहेत.

घटाची रचना व मर्यादा : घटात तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटाचा लेप देऊन केलेले ऋण अग्र, ॲल्युमिनियमाच्या पत्र्यावर धातवीय ऑक्साइड किंवा फॉस्फेट यांचा लेप दिलेले धन अग्र आणि त्यांच्यामध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. हे तिन्ही थर गुंडाळून नळकांड्यात बसवितात व त्यात लिथियमाचे लवण विरघळविलेला कार्बनी विद्रावक भरतात. हा विद्रावक ज्वालाग्राही असतो. शिसे-अम्ल घटातील विद्युत् विच्छेद्य द्रव मुख्यत: पाण्याचा असतो, तर येथे तो पेट घेणारा असतो. दोहोंच्या सुरक्षिततेतील मूलभूत भेद हाच आहे.

सर्वांत प्रचलित नळकांडी घटाचा व्यास १८ मिमी. व लांबी ६५ मिमी. असल्याने त्याला ‘१८६५०’ म्हणतात. निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट असलेल्या घटाचा सर्वसाधारण दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट, पूर्ण भारित अवस्थेत ४.२ व्होल्ट आणि विसर्जनाची खालची मर्यादा उत्पादकानुसार २.५ ते ३ व्होल्ट असते. लोह फॉस्फेट घटाचे हेच आकडे अनुक्रमे ३.२, ३.६५ आणि २ ते २.५ व्होल्ट असे आहेत. म्हणून १२ व्होल्टच्या घटमालेसाठी पहिल्या प्रकारचे तीन घट किंवा दुसऱ्या प्रकारचे चार घट एकसरीत जोडतात आणि क्षमता वाढविण्यासाठी प्रत्येक पायरीवर अनेक घट अनेकसरीत जोडून त्यांचा गट करतात.

२.५ अँपिअर-तास क्षमतेच्या एका १८६५० घटात सु. ९ वॉट-तास ऊर्जा असते. फवारणी पंपाच्या १५ घटांच्या घटमालेत ती १३५ वॉट-तास होते. एवढी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडल्यास दीड लिटर पाणी उकळेल. विद्रावक व इतर द्रव्ये जळून निर्माण होणारी उष्णता याहून वेगळी व बरीच जास्त असते.

अनावर तापन : घटाचे तापमान कोणत्याही कारणाने सु. ८०° ते १२०° से.च्या पुढे गेले, तर ऋण अग्रावरील संरक्षक पटल विघटित होऊ लागते व त्या विक्रियेतून उष्णता बाहेर पडते. सु. १३०° से.ला पॉलिएथिलिनाचा पडदा वितळतो आणि दोन्ही अग्रे एकमेकांस भिडू शकतात. त्यापुढे धन अग्रातील ऑक्साइडाचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. उष्णतेमुळे विक्रियेचा वेग वाढतो व वाढलेल्या वेगामुळे आणखी उष्णता निर्माण होते. या अवस्थेला अनावर तापन म्हणतात. ते एकदा सुरू झाल्यावर बाहेरून विद्युत् प्रवाह तोडून थांबत नाही. घटातून ज्वालाग्राही वायू जोराने बाहेर पडतात, त्यांत हायड्रोजन फ्ल्युओराइडासारखे विषारी वायूही असतात आणि शेजारचे घट तापून तेही त्याच अवस्थेत जातात. लोह फॉस्फेटात ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने या प्रकारच्या घटात ही क्रिया अधिक तापमानाला व सौम्यपणे होते. मात्र त्यातील विद्रावकही ज्वालाग्राहीच असतो. म्हणून ‘लोह फॉस्फेट घट पेटत नाही’ असे म्हणणे बरोबर नाही.

संरक्षणाच्या सर्व उपायांचा हेतू घट या अवस्थेपर्यंत पोहोचू न देणे हा असतो. एखादा घट पोहोचलाच, तर ती अवस्था शेजारच्या घटांत व घरात पसरू न देणे हा दुय्यम हेतू होय.

घटांची निवड : संरक्षणाचा पहिला थर म्हणजे निर्दोष घट. निर्मितीत राहून गेलेला धातूचा सूक्ष्म कण किंवा अग्रांची सदोष घडी यांमुळे घटात आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. २००६ मध्ये संगणकांतील व २०१६ मध्ये भ्रमणध्वनींतील घटमाला अशाच अंतर्गत दोषांमुळे जगभरातून मोठ्या संख्येने परत घ्याव्या लागल्या. त्या नामांकित कारखान्यांत तयार झाल्या होत्या व त्यांत संरक्षक मंडले होती. परंतु बाहेरचे मंडल घटाच्या आतील शॉर्ट सर्किट तोडू शकत नाही.

सुटे घट घेताना छापील क्षमतेवर विसंबू नये. चांगल्या १८६५० घटांची क्षमता सर्वसाधारणपणे २ ते ३.६ अँपिअर-तासांच्या दरम्यान असते. त्यावर ५, ८ किंवा ९.८ अँपिअर-तास असे छापलेले असल्यास ते खोटे समजावे. या घटाचे वजन ४५ ग्रॅ.च्या आसपास असते, बरेच हलके घट संशयास्पद असतात. जुन्या संगणकांतून काढलेल्या घटांपैकी ज्यांचा दाब २ व्होल्टच्या खाली गेला आहे ते वापरू नयेत. इतक्या खालच्या दाबाला ऋण अग्राच्या तांब्याच्या पत्र्यातील तांबे विद्रावकात उतरते व पुन्हा भारण करताना ते भलत्या ठिकाणी साचून पडद्यातून पूल तयार करते. असा घट मीटरवर ‘जिवंत झाला’ असे दिसते, पण त्याच्या आत शॉर्ट सर्किटाचे बीज राहते.

उरलेले घट पूर्ण भारित करून दोन ते चार आठवडे बाजूला ठेवावेत. या काळात ज्यांचा दाब इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरतो, त्यांत अंतर्गत गळती असते. ते टाकून द्यावेत. क्षमता व अंतर्गत रोध जवळजवळ सारखे असणारे घटच एका घटमालेत घ्यावेत. नवे व जुने किंवा भिन्न रासायनिक प्रकारचे घट एकत्र करू नयेत. अनेकसरीत जोडण्यापूर्वी सर्व घट एकाच दाबावर आणणेही आवश्यक असते. तसे न केल्यास जोडताक्षणी जास्त दाबाच्या घटातून कमी दाबाच्या घटात मोठा प्रवाह वाहतो.

बांधणी : नळकांडी घटाचे संपूर्ण धातवीय कवच ऋण असते व ते वरच्या बाजूस धन टोकाच्या अगदी कडेपर्यंत येते. दोहोंमध्ये प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन तेवढे असते. धन टोकावरून जाणारी पट्टी हादऱ्यांनी घासून ते वेष्टन फाटले की शॉर्ट सर्किट होते. म्हणून प्रत्येक धन टोकावर जाड निरोधक कागदाची कडी चिकटवितात. घटाचा अंतर्गत रोध सु. ०.०४ ओहम धरल्यास अशा शॉर्ट सर्किटात एका घटातून क्षणभर १०० अँपिअरच्या घरात प्रवाह वाहू शकतो. तेवढ्याने पट्टी लाल होते.

पट्ट्या निकेलाच्या असाव्यात व त्या बिंदु-वितळजोडाने, म्हणजे बाजारात ज्याला स्पॉट वेल्डिंग म्हणतात त्या पद्धतीने, जोडाव्यात. डाखण्याच्या इस्त्रीने घटाच्या टोकाला दीर्घकाळ उष्णता दिल्यास धन टोकाखालची मोहोर व सुरक्षा-झडप बिघडू शकते. निकेलाचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला सारखीच असते, पण तिचा रोध जास्त असल्याने ती तापते व ओलाव्यात गंजते.

घट एकमेकांस चिकटवून न ठेवता प्लॅस्टिकच्या साच्यात थोडे अंतर ठेवून बसवावेत. त्यामुळे एका घटाची उष्णता शेजारी पोहोचण्यास वेळ लागतो. नळकांडी घटाची सुरक्षा-झडप धन टोकाशी असते, म्हणून ती बाजू दाबून बंद करू नये व पेटीला वायू बाहेर पडण्यास वाट ठेवावी. हवाबंद पेटीत दाब साठून स्फोट होतो. फवारणी पंपात घटमालेचा कप्पा बहुधा टाकीच्या खाली असतो. टाकीतून पाझरणारे औषधमिश्रित पाणी तेथे उतरते व पट्ट्या आणि संरक्षक पट्ट यांवर गंज चढवून सांध्यांमध्ये गळतीच्या वाटा तयार करते. अशा ठिकाणी पट्टावर निरोधक वार्निशाचा लेप द्यावा, तारांचा प्रवेश खालच्या बाजूने करावा आणि कप्प्याला निचऱ्याचे छिद्र ठेवावे.

संरक्षक मंडल : बाजारात ‘बीएमएस’ या नावाने मिळणारा पट्ट हा संरक्षणाचा दुसरा थर होय. त्यातील संकलित मंडल एकसरीतील प्रत्येक गटाचा दाब स्वतंत्रपणे मोजते. कोणत्याही एका गटाचा दाब सु. ४.२५ ते ४.३० व्होल्टच्या वर गेला की भारण तोडले जाते आणि ठराविक खालच्या मर्यादेच्या खाली गेला की विसर्जन तोडले जाते. तोडण्याचे काम एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेले दोन क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर करतात. त्यांतील एक भारणाची व दुसरा विसर्जनाची वाट बंद करतो. प्रवाह मर्यादेपलीकडे गेल्यास किंवा बाहेर शॉर्ट सर्किट झाल्यासही मंडल तुटते.

प्रत्येक गट स्वतंत्रपणे मोजण्याचे महत्त्व पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. तीन गटांची घटमाला १२.६ व्होल्टपर्यंत भारित करावयाची असते. क्षमता घटलेला एक गट लवकर भरून ४.५ व्होल्टवर गेला आणि उरलेले दोन ४.०५ व्होल्टवर असले, तरी बेरीज १२.६ व्होल्टच होते. चार्जरला काहीच चुकीचे दिसत नाही, एक गट मात्र अतिभारित झालेला असतो. म्हणून संरक्षक पट्टाशिवाय केवळ ‘योग्य चार्जर’ वापरणे धोक्याचे आहे.

पट्ट घटाच्या प्रकाराला अनुरूप असावा. लोह फॉस्फेटासाठी केलेला पट्ट व दुसऱ्या प्रकारासाठी केलेला पट्ट यांच्या दाबमर्यादा भिन्न असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही. मोजणीच्या तारा जोडण्यापूर्वी ऋण टोकापासून प्रत्येक तारेचा दाब मोजावा. ३.७, ७.४, ११.१ व्होल्ट अशी समान पायऱ्यांची वाचने आली तरच क्रम बरोबर आहे असे समजावे. तार चुकीच्या जागी लागल्यास पट्ट पहिल्याच क्षणी निकामी होऊ शकतो.

निकामी होण्याचा प्रकारही ध्यानात घेण्याजोगा आहे. क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर जळतो तेव्हा तो बहुतेक वेळा वाट बंद करून नव्हे, तर कायमची उघडी ठेवून जळतो. पंप पूर्ववत चालत राहतो, भारणही होते. फक्त संरक्षण उरलेले नसते. त्यामुळे वापरणाऱ्यास बिघाडाची सूचना मिळत नाही.

समतोलन : काही पट्टांत गटांचे दाब सारखे करण्याची सोय असते. जास्त भरलेल्या गटातून रोधकामार्फत थोडा प्रवाह वाहू देऊन तो उतरविला जातो. हा प्रवाह बहुधा काही दशक मिलिअँपिअर एवढाच असतो. दोन गटांत ०.५ अँपिअर-तासाचा फरक असेल व समतोलन प्रवाह ५० मिलिअँपिअर असेल, तर फरक भरून निघण्यास दहा तास लागतील. समतोलन लहान तफावत दूर करते, विजोड घट एकत्र केल्याचा दोष ते झाकू शकत नाही. पूर्ण भारणानंतर गटांच्या दाबांत वारंवार ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक आढळल्यास घटमाला उघडून दोषी गट शोधावा.

वितळतार : पट्ट निकामी झाला तरी मोठा प्रवाह तोडणारी वितळतार, म्हणजे फ्यूज, हा तिसरा थर होय. ती घटमालेच्या धन टोकाजवळ, पेटीच्या आतच बसवावी. तशी बसविल्यास बाहेर पडणारी तार कोठेही उघडी पडली तरी ती सुरक्षित राहते. पंपाचा नेहमीचा प्रवाह ३ ते ४ अँपिअर असेल, तर ७.५ किंवा १० अँपिअरची वितळतार पुरते. ती एकदिश प्रवाहासाठी असावी. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो व वितळणाऱ्या तारेतील ठिणगी तेथे विझते. एकदिश प्रवाहात असा शून्यक्षण येत नाही. मोटारगाडीत वापरतात ती पात्याच्या आकाराची वितळतार १२ व्होल्टसाठी योग्य असते. वितळतार गेल्यावर तिच्या जागी तांब्याचा तुकडा गुंडाळणे म्हणजे हा थर काढून टाकणे होय.

मोठ्या गटांत प्रत्येक घट स्वतंत्र बारीक वितळतारेने पट्टीस जोडण्याची पद्धत अधिक चांगली आहे. गटातील एका घटात आतून शॉर्ट सर्किट झाल्यास शेजारचे घट आपली सर्व ऊर्जा त्यात ओततात. ही बारीक तार वितळली की तो घट एकटा पडतो.

चार्जर : शिसे-अम्ल घटमाला काढून लिथियम बसविताना जुना चार्जर तसाच ठेवणे ही सर्वांत धोकादायक चूक आहे. तो चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत दाब देतो. तीन गटांत तो विभागला तर प्रत्येकास ४.८ व्होल्ट येतात, म्हणजे मर्यादेपेक्षा ०.६ व्होल्ट जास्त. अशा वेळी घट व आग यांच्यामध्ये केवळ संरक्षक पट्ट उरतो आणि तो रोज, प्रत्येक भारणात, शेवटच्या उपायाचे काम करू लागतो. तीन गटांच्या घटमालेस १२.६ व्होल्टचा व चार गटांच्या लोह फॉस्फेट घटमालेस १४.६ व्होल्टचा, आधी स्थिर प्रवाह व नंतर स्थिर दाब देणारा चार्जरच वापरावा. भारणाचा प्रवाह अँपिअर-तासांतील क्षमतेच्या निम्म्या आकड्यापेक्षा जास्त नसावा. झटका यंत्रासाठी सौर पट्ट जोडताना मधल्या नियंत्रकावर लिथियमाचा योग्य प्रकार निवडता येतो की नाही हे पाहावे. केवळ शिसे-अम्ल घटमालेसाठी असलेला नियंत्रक वापरू नये.

तापमान : बहुतेक उत्पादक भारणासाठी ४५° से. व विसर्जनासाठी ६०° से. ही कमाल मर्यादा देतात. शून्य अंशाखाली भारण केल्यास ऋण अग्रावर धातुरूप लिथियम साचते. तथापि मराठवाड्यात हा प्रश्न येत नाही. येथील प्रश्न उलट बाजूचा आहे. हिंगोली परिसरात उन्हाळ्यात सावलीतील तापमान ४०° से.च्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात ठेवलेल्या बंद पेटीत ते याहून बरेच जास्त असते. याचा अर्थ, भारण सुरू होण्यापूर्वीच घट मर्यादेला पोहोचलेला असू शकतो. म्हणून पट्टास थर्मिस्टर जोडलेला असावा व तो घटमालेच्या मध्यभागी, जेथून उष्णता बाहेर पडणे सर्वांत कठीण असते तेथे, बसवावा. उन्हातून आणलेली घटमाला एक-दोन तास सावलीत निवू द्यावी व मगच भारणास लावावी. शेतातील झटका यंत्राची पेटी पांढऱ्या रंगाची, जमिनीपासून उंचावर व सावलीत असावी.

वापर व साठवण : नवी घटमाला पहिल्यांदा घराबाहेर, नजरेसमोर भारित करावी. भारण पूर्ण झाल्यावर प्रत्येक गटाचा दाब मोजावा, पट्ट्या व सांधे तापले आहेत का ते पाहावे आणि विसर्जन ठरल्या मर्यादेवर तुटते की नाही याची खात्री करावी. हंगाम संपल्यावर घटमाला पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. सु. अर्धी भरून, उपकरणापासून सोडवून, थंड जागी ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी दाब तपासावा. फुगलेला, गळणारा, गोडसर विद्रावकाचा वास येणारा किंवा उंचावरून पडून चेपलेला घट पुन्हा वापरू नये.

भारण जागेपणी करावे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे रात्री घरात भारणास लावलेल्या विद्युत् स्कूटरच्या घटमालेचा स्फोट होऊन शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला व नंतर मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे येथे रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली आणि एप्रिलमध्ये नासिक येथे वाहतुकीच्या कंटेनरमधील २० स्कूटर जळाल्या. घरगुती घटमालेत तर कारखान्यातील चाचण्यांचाही आधार नसतो. तेव्हा ती दगडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर, अंथरूण, कापूस, बारदान व इंधन यांपासून दूर आणि घराबाहेर पडण्याच्या वाटेवर येणार नाही अशा जागी भारणास लावावी. एकच दार असलेल्या घरात दाराजवळ लावलेली घटमाला पेटल्यास आतील माणसांची वाट बंद होते.

आग लागल्यास : घटमालेतून फुसफुस आवाज, पांढरा धूर किंवा तीव्र वास येऊ लागल्यास ती हातात घेऊन बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम माणसांना बाहेर काढावे व शक्य असल्यास मुख्य वीजपुरवठा बंद करावा. धूर विषारी असतो. या घटांत धातुरूप लिथियम अत्यल्प असल्यामुळे पाणी वर्ज्य आहे हा समज चुकीचा आहे. वीजपुरवठा तोडल्यावर दुरून भरपूर पाणी मारणे हाच घट थंड करण्याचा परिणामकारक उपाय होय. वाळूने ज्वाला झाकल्या जातात, परंतु उष्णता निघून जात नाही. विझलेली घटमाला काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून ती उघड्या जागी, घर, गोठा व कडब्याची गंजी यांपासून दूर ठेवावी.

मानके व नियम : हातातून नेता येणाऱ्या उपकरणांच्या लिथियम घटांना व घटमालांना भारतीय मानक आयएस १६०४६ (भाग २) लागू असून त्यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. या मानकात बाह्य शॉर्ट सर्किट, उष्णता, चिरडणे, पडणे, अतिभारण इत्यादींच्या चाचण्या आहेत. विद्युत् वाहनांच्या घटमालांसाठी एआयएस-१५६ व एआयएस-०३८ ही मानके आहेत. ती ठरविण्याच्या कार्यात पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेचा प्रमुख वाटा आहे. २०२२ मधील आगींनंतर केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवरून ती अधिक कडक करण्यात आली व बदल १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. घटांमधील अंतर, वायू बाहेर सोडण्याची सोय, तापमानाची नोंद आणि एका घटातील अनावर तापन इतरत्र पसरण्याविषयीची चाचणी यांवर त्यांत भर आहे. स्वत:च्या वापरासाठी घरी बांधलेली घटमाला या चाचण्यांतून जात नाही. परंतु मानकांनी सांगितलेली तत्त्वे तिलाही तितकीच लागू पडतात.

निकामी घट : बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे नियम २२ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झाले. २००१ चे पूर्वीचे नियम शिसे-अम्ल घटमालांपुरतेच होते. नव्या नियमांत सर्व प्रकारच्या घटमालांचा समावेश असून त्या परत घेऊन त्यांचे पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. टाकाऊ घट घरच्या कचऱ्यात टाकू नयेत, जाळू किंवा ठोकू नयेत. टोकांवर निरोधक चिकटपट्टी लावून ते नोंदणीकृत संकलन केंद्राकडे द्यावेत. भंगारात गेलेले घट अनेकदा निवडले जाऊन नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात येतात आणि दुसऱ्याच घरी एखाद्या पंपात बसतात. म्हणून घटमाला बांधणाऱ्याने तिच्या पेटीवर घटांचा प्रकार, एकसरीतील गटांची संख्या, पूर्ण भारणाचा दाब, वितळतारेची क्षमता व बांधणीची तारीख स्पष्ट लिहावी. पेटी उघडल्याशिवाय आतील रचना ओळखता येत नसल्याने, योग्य चार्जर निवडण्यासाठी पुढच्या वापरणाऱ्यास एवढीच माहिती उपलब्ध असते.